पडलें किती, राहिलें किती?

कोंकणांतील मनुष्यास पावसाची थोरवी सांगावी लागत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, ही गोष्ट शाळेंत जाणारें लहान मूलहि जाणतें. परंतु त्याच जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांवर वैशाखांत विहिरी तळ गांठतात, ही दुसरी गोष्ट तें मूल पुस्तकावांचूनच शिकतें. कारण रिकामा हंडा त्याच्याच घरचा असतो. पडणें निराळें आणि राहणें निराळें. आकाश केवळ जमेची बाजू लिहितें. खर्चाची बाजू जमिनीचा उतार, कातळ आणि वहाळ हे लिहितात.

हाच भेद पृथ्वीच्या दोन्ही टोकांस, गोठलेल्या समुद्रांवर, कसा लागू पडतो हें दाखविण्याचा आमचा आजचा उद्देश आहे. तेथें खर्चाची बाजू लिहिणारा उतार नसून वारा आहे. ढगांतून किती हिम उतरलें, एवढ्यावरून त्या समुद्रावर किती हिम आहे हें कळत नाहीं. वाऱ्यानें तें कोठून उचललें, कोठें टाकलें आणि वाटेंत किती गिळलें, हें पाहावें लागतें. आमचें मत असें आहे कीं, ध्रुवप्रदेशाविषयीं भूगोलाच्या पुस्तकांनीं आमच्या मुलांच्या मनांत जें एकसारखें पांढरें, स्तब्ध व सपाट चित्र उभें केलें आहे, तें अपुरेंच नव्हे तर चुकीचें आहे. आणि तें दुरुस्त करण्यास परदेशांतील रंगीत चित्रांपेक्षां गणपतीपुळ्याची पुळण अधिक उपयोगाची आहे. रत्नागिरीच्या मुलांनीं ध्रुवाच्या हिमाची चिंता कशाला वाहावी, असें एखादे पालक म्हणतील. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय तें म्हणावें.

प्रथम शब्दांचा खुलासा करूं. आपण बोलतांना बर्फ हा एकच शब्द सर्वत्र वापरतों, आणि ज्या प्रांतांत दोन्ही वस्तु पाहावयास मिळत नाहींत तेथें तसें होणें साहजिक आहे. ह्या लेखांत ढगांतून पिंजलेल्या कापसासारखें जें पडतें त्यास आम्ही हिम म्हणूं, आणि पाणी गोठून जो कठीण थर होतो त्यास बर्फ म्हणूं. समुद्राचें खारें पाणी उणें १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठतें आणि त्याचा तरंगता थर होतो; तो सागरी बर्फ. कोठें तो हातभर असतो, कोठें दोन-तीन मीटर. अंटार्क्टिकाभोंवतीं सप्टेंबरच्या सुमारास हा बर्फ सरासरीनें १८० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक समुद्र झांकतो, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या पांचपटींहून अधिक. आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांतला बहुतेक नाहींसा होतो. ह्या बर्फाच्या पाठीवर हिमाचा थर असतो. उत्तर ध्रुवाकडे वसंत ऋतूंत, जेव्हां तो सर्वांत जाड असतो तेव्हांहि, त्याची सरासरी जाडी फूटभरच भरत आली आहे. त्या फूटभर थराकरितां एवढी उठाठेव कां, हें पुढें येईल.

आतां पुळ्यास जाऊं. पुळें हें नांवच पुळण या शब्दापासून आलें असें सांगतात. पश्चिमेकडे तोंड करून असलेला गणपति, त्याच्या पाठीशीं टेकडी, समोर वाळूचा लांब उतार आणि त्यापुढें समुद्र, ही रचना आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. यात्रेकरू टेकडीस प्रदक्षिणा घालतो, समुद्रांत पाय बुडवितो आणि परतीची गाडी गांठतो. वाळूकडे पाहण्यास त्यास सवड नसते. परंतु फाल्गुन-चैत्रांत, दुपारीं खारा वारा चांगला सुटला असतां, भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूंत क्षणभर उभें राहून पाहावें. पोटऱ्यांस बारीक सुया टोंचल्यासारखें होतें. तोंडास मात्र कांहीं लागत नाहीं. ह्या एका अनुभवांत सगळें शास्त्र आलें. जाड कण जमिनीवरून सरपटत जातात. मध्यम कण उड्या मारीत जातात, आणि प्रत्येक उडी जेथें संपते तेथें दुसऱ्या कणांस धक्का देऊन उडवितात. अगदीं बारीक धूळ तेवढी उंच चढून तरंगत राहते. वाळूचा मोठा व्यवहार गुडघ्याच्या खालीं चालतो. राल्फ बॅगनोल्ड नांवाच्या ब्रिटिश सैनिकी इंजिनिअरानें लिबियाच्या वाळवंटांत हिंडून, आणि पुढें प्रयोगशाळेंत वाऱ्याच्या बोगद्यांत वाळू उडवून पाहून, १९४१ सालीं यावर ग्रंथ लिहिला. आणि हिमाचा अभ्यास करणाऱ्यांनीं नंतर त्याचेंच बोट धरलें.

पुळणीवर आणखी एक गोष्ट दिसते. पडलेली झांवळी असो, वर ओढून ठेवलेली होडी असो कीं मर्यादवेलीचें जाळें असो, त्याच्या आडोशास वाळूचा निमुळता ढीग झालेला असतो. वारा तेथें मंदावतो, आणि मंदावलेल्या वाऱ्याच्या हातून ओझें गळतें. उलट जेथें वारा दोन अडथळ्यांच्या मधून चिंचोळा होऊन शिरतो, तेथें तो जमीन खरवडून कठीण करून टाकतो.

हेंच सर्व गोठलेल्या समुद्रावर घडतें. उणें वीस अंशांच्या थंडींत हिम ओलसर नसतें. तें पिठीसारखें कोरडें व सुटें असतें. माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, सुमारें दहा मीटर उंचीवर, वाऱ्याचा वेग ताशीं २५ ते ३० किलोमीटर झाला कीं तें हालूं लागतें. प्रथम पायांजवळून धुरासारखे झोत धांवतात. वारा वाढला कीं झोतांची भिंत होते आणि आपलाच पुढें केलेला हात दिसेनासा होतो. ह्या वेळीं ढगांतून एक कणहि पडत नसेल, वर निळें आकाशहि असेल. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर कांहीं ठिकाणीं खंडाच्या उंच पठारावरून थंड व जड हवा उताराने घसरत येते. मॉसन याच्या मोहिमेनें १९१२ व १९१३ सालीं जेथें मुक्काम केला त्या केप डेनिसन येथें वर्षाची सरासरीच ताशीं सुमारें ७० किलोमीटर भरते. असला वारा खंडावरचें हिम उचलून सरळ समुद्राकडे नेतो.

सागरी बर्फ दुरून सपाट दिसला तरी तसा नसतो. त्याचे मोठमोठे तुकडे वाऱ्यानें व प्रवाहानें एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या कडा मोडून आमच्याकडील जांभ्याच्या गडग्यासारखे उंच बांध उभे राहतात. पळत आलेलें हिम ह्या गडग्यांच्या आडोशास सांचतें. तेथें तें मीटरभर खोल असेल, आणि पन्नास पावलांवर उघडा बर्फ असेल. दुसरीकडे तुकडे एकमेकांपासून दूर सरतात व मध्यें काळ्या पाण्याची लांब फट पडते. हिमाचा झोत अशा फटीवर आला कीं त्यांतलें पुष्कळसें पाण्यांत पडून नाहींसें होतें. तें बर्फावर पडलें होतें खरें, पण बर्फाच्या कामास आलें नाहीं. तिसरा खर्च डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. कपाटांत ठेवलेली डांबराची गोळी जशी ओल न होतां झिजत जाते, तसे हवेंत उडणारे हिमकण पाणी न होतांच वाफ होऊन जातात. ह्या तीन वाटांपैकीं कोणत्या वाटेनें किती हिम जातें, याविषयीं शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं; तिन्ही वाटा आहेत याविषयीं वाद नाहीं. सागरी बर्फावरील हिमांत समुद्राचें मीठहि मिसळलेलें असतें. उडता कण वाफ झाला कीं तें मीठ हवेंत राहतें, आणि अशा मिठाच्या कणांभोंवतीं ढगाचे थेंब जमूं शकतात. म्हणजे ढगांतून आलेलें हिम नव्या ढगांचें बीज मागें ठेवून जातें.

तथापि वाळू व हिम यांची तुलना ताणूं नये. वाळूचा कण आज उडाला, उद्यां बसला, परवां पुन्हां उडाला, तरी तो तोच राहतो. हिमाचें तसें नाहीं. त्याच्या षट्कोनी नाजूक पाकळ्या वाऱ्यांत आपटून मोडतात, त्यांचा बारीक चुरा होतो, आणि तो चुरा एकदां दाटून बसला कीं कण एकमेकांस चिकटूं लागतात. थोड्याच काळानें तो थर इतका कठीण होतो कीं त्यावर बुटाची खूण उमटत नाहीं, आणि ज्या वाऱ्यानें तो आणला तोच वारा आतां त्यास हालवूं शकत नाहीं. अधिक जोराचा वारा आला तर तो त्या कठीण थरास कोरून धारदार वरंबे करतो. त्यांस रशियन भाषेंतून आलेलें सास्त्रुगी हें नांव आहे. त्यामुळें आजच्या वादळांत किती हिम उडेल हें आजच्या वाऱ्यावरच नव्हे, तर मागच्या आठवड्यांतील थंडीवर, उबेवर व वाऱ्यावरहि अवलंबून असतें. वाळूला कालची आठवण नसते, हिमाला असते.

आतां त्या फूटभर थराचें महत्त्व सांगतों. बर्फाच्या खालीं समुद्र उणें दोन अंशांजवळ आणि वर हवा उणें तीस अंशांजवळ, अशी हिवाळ्यांतील स्थिति असते. समुद्राची ऊब बर्फांतून वर निसटेल तितकाच खालीं नवा बर्फ धरतो. हिमांतून उष्णता बर्फापेक्षां सुमारें सातपट हळू जाते, कारण त्यांत हवा कोंडलेली असते. आपली घोंगडी ऊब धरते तीहि याच कारणानें. म्हणून शरद् ऋतूंत लवकर व भरपूर हिम पडलें तर खालचा बर्फ जाड होत नाहीं, उलट पातळ राहतो. हिम पुष्कळ पडलें म्हणजे बर्फ बळकट झाला, हा समज किती भ्रामक आहे, तें यावरून दिसेल. आणि येथें वाऱ्याचें काम पुन्हां येतें. समजा एका प्रदेशांत हिमाची सरासरी वीत भरली. ती सर्वत्र सारखी वीतभर असेल तर एक परिणाम. अर्ध्या भागीं दोन बोटें आणि अर्ध्या भागीं हातभर असेल तर निराळा परिणाम. भोंकें पडलेल्या घोंगडीची सरासरी जाडी सांगून थंडीनें कुडकुडणाऱ्याचें समाधान होत नाहीं. ऊब भोंकांतून जाते. म्हणून केवळ सरासरी सांगणाऱ्या आंकड्यावर आमचा विश्वास थोडा आहे.

वसंतांत सूर्य वर आला कीं तेंच हिम दुसरें काम करतें. ताजें हिम अंगावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा ८० हून अधिक उजेड परत फेंकतें. उघडा समुद्र शेंकडा १० देखील फेंकीत नाहीं. जेथें हिमाचे ढीग असतात तेथें बर्फ कांहीं काळ झांकलेला राहतो, आणि दोन ढिगांमधील खोलगट जागीं आधीं पाण्याचीं डबकीं होतात. डबकें काळें, तें ऊन पितें, आणि ऊन प्यालें कीं खालचा बर्फ झिजवितें. म्हणजे माघांत वाऱ्यानें जेथें ढीग केला त्याचा हिशेब ज्येष्ठांत चुकता होतो.

प्राण्यांसहि ह्या ढिगांवांचून चालत नाहीं. उत्तरेकडील समुद्रांत अंगावर वलयें असलेली सीलची एक लहान जात आहे. तिची मादी बर्फाच्या गडग्यालगत सांचलेल्या खोल हिमांत खालच्या बाजूनें घर कोरते आणि त्यांत पिलास जन्म देते. छप्पर जाड असलें तर पिलास थंडी लागत नाहीं आणि पांढऱ्या अस्वलासहि तें सहज सांपडत नाहीं. सपाटीवरचें दोन-चार बोटें हिम तिच्या काय कामाचें? तिला वाऱ्यानें रचलेला ढीगच हवा. तो उथळ राहिला, किंवा अवेळीं पाऊस पडून छप्पर खचलें, तर पिलूं उघड्यावर पडतें.

अंटार्क्टिकाकडे गोष्ट निराळी होते. तेथें बर्फ पातळ आणि हिम पुष्कळ. हिमाची जाडी बर्फाच्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांशाहून वाढली कीं त्या भारानें बर्फाची पाठ पाण्याखालीं दबते, समुद्राचें पाणी हिमांत शिरतें, आणि तें ओलें हिम गोठून बर्फावर वरून नवा बर्फ चढतो. फार भरलेली होडी कांठापर्यंत बुडावी तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच कीं येथें आंत शिरलेलें पाणी गोठून होडीच जाड करतें.

ज्या विद्यार्थ्यांस गणिताची गोडी आहे त्यांच्याकरितां एक उदाहरण देतों. आज सागरी बर्फाची जाडी मोजण्याचें मोठें काम उपग्रह करतात. २०१८ सालीं सोडलेला अमेरिकेचा एक उपग्रह लेसर-किरण टाकून पाण्याच्या पातळीपासून हिमाच्या माथ्यापर्यंतची उंची मोजतो. समजा ती ४० सेंटिमीटर आली. त्यांतलें २० सेंटिमीटर हिम आहे असें धरलें, तर तरंगण्याच्या नियमानें बर्फाची जाडी सुमारें २५० सेंटिमीटर येते. तेंच हिम ३० सेंटिमीटर धरलें तर बर्फ सुमारें १८५ सेंटिमीटर भरतो. हिमांत चार-पांच बोटांची चूक, आणि बर्फांत दोन फुटांहून अधिक! पाण्याची घनता १०२४, बर्फाची ९१७ व हिमाची ३२० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून हें गणित कोणीहि करून पाहावें. आकाशांतील यंत्र कितीहि सूक्ष्म असलें तरी खालीं वाऱ्यानें काय करून ठेवलें आहे हें त्यास माहीत नसेल, तर त्याचें उत्तर चुकणारच.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो समुद्रकांठच्या घरांत हटकून ऐकूं येतो. तरंगता सागरी बर्फ वितळला म्हणून पुळ्याची भरतीची रेषा चढत नाहीं. पेल्यांतील बर्फ विरघळला म्हणून पेला ओसंडत नाहीं, तसेंच तें आहे. समुद्र चढतो तो जमिनीवरचा बर्फ वितळून आणि पाणी तापून फुगल्यानें. परंतु समुद्रावरचें पांढरें आच्छादन गेलें कीं काळें पाणी ऊन पितें, तो प्रदेश अधिक तापतो, आणि ती ऊब जमिनीवरच्या बर्फापर्यंत पोंचते. उपग्रहांची अखंड नोंद १९७९ पासून आहे; तीप्रमाणें उत्तरेकडील सप्टेंबरचा बर्फ पुष्कळ घटला असून २०१२ सालीं तो सर्वांत कमी झाला, आणि अंटार्क्टिकाकडे २०२३ सालीं हिवाळ्यांतहि बर्फाचा विस्तार पूर्वीं कधीं नव्हता इतका कमी भरला. तेव्हां ध्रुवाचें हिम ही सर्वस्वीं परक्याची गोष्ट नव्हे.

शिवाय रत्नागिरीचा ध्रुवाशीं एक जुना संबंध आहे. येथेंच १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करून, वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून, आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतें असें प्रतिपादन केलें. तें मत आज विद्वान् मान्य करीत नाहींत. पण ध्रुवावरील दिवस-रात्रींची चर्चा त्यामुळें मराठी घरांत आली, हें खरें. ती चर्चा आकाशाची होती. पायाखालच्या हिमाशीं आपला प्रत्यक्ष संबंध यावयास आणखी अठ्ठ्याहत्तर वर्षें लागलीं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेंत, १९८३-८४ सालीं, नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत व भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता ह्या गेल्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेनें ‘दक्षिण गंगोत्री’ हें आपलें पहिलें ठाणें उभारलें.

ह्या ठाण्याची हकीकत आमच्या विषयाचें उत्तम उदाहरण आहे. तें सागरी बर्फावर नव्हतें. खंडावरचा जाड बर्फ पुढें सरकून समुद्रावर तरंगतो, त्या विस्तीर्ण पट्ट्यावर होतें. परंतु वारा तोच आणि हिम तेंच. मैलोगणती सपाटीवर एकच इमारत उभी राहिली, म्हणजे पुळणीवर एकच होडी ओढून ठेवल्यासारखें झालें. वारा तिच्याशीं अडला, मंदावला आणि ओझें टाकूं लागला. वर्षांमागून वर्षें ढीग चढत गेला, आणि दक्षिण गंगोत्री हिमाखालीं गाडली गेली. तेथें १९८४ सालीं टपालाची कचेरी उघडली होती आणि ती गोव्याच्या टपाल विभागाशीं जोडलेली होती; १९९० सालीं तीहि हलवावी लागली. तत्पूर्वीं ‘मैत्री’ हें दुसरें ठाणें उघड्या कातळाच्या प्रदेशांत बांधून झालें होतें. २०१२ सालीं सुरू झालेलें ‘भारती’ हें तिसरें ठाणें तर खांबांवर उचललेलें आहे आणि त्याचा आकार असा आहे कीं वारा खालून व बाजूनें हिम घेऊन निघून जावा. वाऱ्याशीं भांडण्यापेक्षां त्यास वाट द्यावी, हा धडा तेथें प्रत्यक्ष इमारतीच्या रूपानें उभा आहे. आमच्या मतें भूगोलाच्या पुस्तकांत ह्या तीन ठाण्यांचीं नांवें पाठ करण्यास देण्याऐवजीं पहिलें कां बुडालें व तिसरें खांबांवर कां, एवढेंच विचारावें.

राहतां राहिला मोजण्याचा प्रश्न. पावसाच्या मापकांत पाऊस नीट पडतो. हिमाच्या मापकाचा भरंवसा नसतो. जोराचा वारा हिमाचे कण मापकाच्या तोंडावरून उडवून नेतो, आणि कधीं जमिनीवरून उडालेलें जुनें हिम त्यांत भरतो. म्हणून शेवटीं काठी घेऊन बर्फावर जाणें, ती खुपसणें आणि आंकडा वहींत लिहिणें, ह्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. १९३७ सालीं पापानिन व त्याचे तीन सोबती तरंगत्या बर्फावर नऊ महिने राहिले. पुढें १९५४ ते १९९१ पर्यंत सोव्हिएत ठाण्यांवरील माणसांनीं शेंकडों मीटर लांबीच्या ओळी आंखून ठराविक अंतरांवर हिमाची खोली मोजली. त्यांच्या त्या नोंदी पुढें कित्येक वर्षें उपग्रहांच्या गणितांत वापरल्या गेल्या, कारण दुसऱ्या इतक्या मोठ्या नोंदीच नव्हत्या. मध्यंतरीं बर्फ तरुण व पातळ झाला, हिमहि बदललें. म्हणून २०१९ च्या शरदांत पोलरस्टर्न हें जर्मन जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेऊन वर्षभर वाहूं दिलें, आणि अनेक देशांचे संशोधक आळीपाळीनें तेथें राहून पुन्हां तीच काठी खुपसत होते. त्यांत केरळचे एक भारतीय संशोधकहि होते. यंत्राच्या झगमगाटापुढें काठी व वही धरणाऱ्यास आमच्याकडे कमी लेखतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. प्रदर्शनांत विद्यार्थी उपग्रहाची पुठ्ठ्याची प्रतिकृति करतो आणि बक्षीस मिळवितो; महिनोगणती एका जागीं मोजमाप करणाऱ्यास बक्षीस दिलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

आमची सूचना म्हणून अशी आहे. पुळ्याच्या किनाऱ्यावर, किंवा जवळच्या कोणत्याहि पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर बांबूच्या दहा काठ्या रोंवाव्या: कांहीं उघड्या वाळूंत, कांहीं मर्यादवेलीच्या जाळ्यांत, कांहीं सुरूच्या झाडांच्या आडोशास. प्रत्येक काठीवर सेंटिमीटरांच्या खुणा कराव्या आणि आठवड्यास एकदां वाळू कोठें चढली व कोठें उतरली तें लिहावें. वेलीपाशीं वाळू धरून राहते आणि तुडविलेल्या उघड्या जागीं ती घसरत जाते, हें वहींत आंकड्यांनीं दिसूं लागलें म्हणजे पालकांसहि त्याची किंमत कळेल. किनाऱ्यावरची ती उंच वाळू म्हणजे पावसाळ्यांतील मोठ्या लाटांसाठीं ठेवलेली ठेव आहे. लाटा तींतून उचल करतात आणि शांत ऋतूंत बरीचशी परत करतात. केंद्र सरकारच्या २०११ व २०१९ च्या किनारा-नियमनाच्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्यांस सर्वांत जपण्याच्या वर्गांत घातलें आहे, तें उगाच नव्हे. तरीहि कोंकणच्या किनाऱ्यावर बैठकीस जागा हवी म्हणून वेल उपटणारे आणि गाडी पाण्यापर्यंत नेणारे आपण पाहतोंच.

काठ्या मार्गशीर्षांत रोंवाव्या. त्याआधीं वाळूंत पावसाची ओल असते आणि वारा तिला हात लावीत नाहीं. मोजणी सकाळीं, खारा वारा सुटण्यापूर्वीं करावी. वारा चालू असतां केली तर खुणेवरची वाळू वाचीपर्यंत बदलते. आणि काठीच्या बुंध्याशीं वारा स्वतःच लहानसा खळगा करतो, म्हणून आंकडा काठीस चिकटून न घेतां हातभर अंतरावर पट्टी आडवी ठेवून घ्यावा.